वाशबेअरचा लाडू
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की हायडेलबर्गजवळचं आमचं जुनं घर आठवतं. माळ्यावर वाशबेअर, म्हणजे रॅकून, शिरला होता. शेजारच्या शिकाऱ्याने पिंजरा लावला. पुण्यात उंदीर धरून नदीपलीकडे सोडतात, इथेही तसंच असणार, असं समजून मी अतिशहाणीने आत शेंगदाण्याचा लाडू ठेवला. सकाळी स्वारी आत! “अहो, गाडी काढा, जंगलात सोडून येऊ,” मी ह्यांना म्हटलं. “नाइन, नाही,” शेजारी म्हणाला, “पकडला की सोडायचा नाही, मारायचा. कायदा आहे.” मी खूप विनवलं. त्याने पिंजरा उचलला. आतला अजून लाडवाची बोटं चाटत होता. नात हल्ली विचारते, “आजी, मग तो कुठे गेला?” “जंगलात,” मी ठोकून देते. ती जर्मनीतच वाढलेली. कायदा तिलाही ठाऊक आहे.