माशी आणि दुर्बीण

बंदूक हातात घेतली की मामा आधी अंगठा जिभेला लावत आणि नळीच्या टोकावरची माशी पुसत. माशी म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढं लोखंडी टोक. मागच्या खाचेत माशी बसली आणि माशीवर जनावर बसलं की चाप ओढायचा. नेमबाजीचं शास्त्र त्यांच्या लेखी एवढंच. "आन दोन्ही डोळं उगडं," ते म्हणत. "एक मिटून बगणारा अर्धाच गडी."

मी अर्धाच गडी होतो. गावच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी, वय अठ्ठावीस, आणि जगातल्या प्रत्येक यंत्राविषयी मला मत. कुणाचं इंजिन बंद पडलं की मी पान्याच्या आधी पोचत असे. माझा हात लागल्यावर ते चालू झाल्याचं मात्र कुणाला आठवत नाही. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. नसतील तर आरशात बघा.

गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही. निजामाच्या काळात ते कुण्या जमीनदाराचे राखणदार होते. त्या काळातली एक रायफल शेतराखणीच्या परवान्यावर त्यांच्याकडं राहिली होती. घरात मामी आणि दावणीला बैलजोडी. पोरंबाळं नव्हती. बैलांशी ते जेवढं बोलत, तेवढं माणसांशी बोलत नसत.

तो सलग दुसरा दुष्काळ. साऱ्या शिवारात सोसायटीच्या विहिरीला तेवढं हातभर पाणी उरलं होतं, आणि त्यावर आम्ही चाऱ्यासाठी चार एकर कडवळ वाढवलं होतं. गावात जी जनावरं शिल्लक होती, त्यांना दिवसाआड एक पेंढी त्यातून मिळे. राखणीला मामा होते, म्हणून त्यांच्या बैलांना रोज दोन. त्या दोन पेंढ्यांवर बैल उभे होते, आणि बैलांकडं बघून मामा.

तेवढं हिरवं बघून डोंगरातली हरणं उतरू लागली. तीस-पस्तीसचा कळप. मामा डोक्यावरून बार काढायचे, कळप पळायचा. पुढं पुढं पळेनासा झाला. बार झाला की माना वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा.

"आवाजाला भ्यायला बी पोटात कायतरी लागतंय," मामा म्हणाले.

चेअरमन चिडले. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, एखादं पाडल्याशिवाय कळप हटायचा नाही, जमत नसेल तर दुसरा राखणदार बघू, असं त्यांनी कमिटीसमोर ऐकवलं. मामा खाली बसून चपलेचा अंगठा चाचपत होते. म्हणाले, एक पाडतो, पण जवळ जाऊन, माशीवर. एका गोळीत.

इथं मी तोंड घातलं. माशीचा जमाना गेला, मी म्हणालो. दुर्बीण बसवा. दोनशे पावलांवरचं जनावर उंबऱ्यात आल्यासारखं दिसतं. मी एकही दुर्बीण तोवर डोळ्याला लावलेली नव्हती, पण अर्धा तास बोललो. चेअरमनच्या फौजेतल्या मेहुण्याकडं तसली दुर्बीण पडून होती. ठरलं. मामांनी एवढंच विचारलं, "परक्याची वस्तू. खराब झाली तर?"

बीडला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडं आम्ही दोघं एसटीनं गेलो. त्यानं दोन पट्ट्यांवर दुर्बीण कसली, पाच गोळ्या मारून नेम जुळवून दिला आणि मला बजावलं, की हिला आपटू देऊ नका, आपटली तर नेम सरकतो, पुन्हा जुळवावा लागतो.

परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली. मामा पाणी शोधायला गेले. ढाब्याच्या बाजेवर बसून मी जमलेल्या लोकांना दुर्बिणीतून डोंगर दाखवू लागलो. एका ड्रायव्हरला टेकडीवरच्या देवळाचा झेंडा दिसला, त्यानं मला चहा पाजला. मी पुढाऱ्यासारखा बसलो होतो. चहाचा कप घ्यायला हात पुढं केला आणि मांडीवरची रायफल घसरून दगडावर पडली, दुर्बिणीच्या बाजूनं. दुर्बिणीच्या नळीला बारीक पोचा आला. काच शाबूत होती. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि मामा आले तेव्हा चहा पीत होतो.

आता परत बीडला जायचं म्हणजे पडली कशी ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. काच फुटली नाही म्हणजे काही झालं नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडवळाच्या बांधावर आम्ही दोघं पालथे पडलो. ऊन नुकतं पडलं होतं. मामांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग रायफल माझ्याकडं सरकवली.

"लई जवळ हाय," ते म्हणाले. "तोंड दिसतंय तिचं. हितनं मला मारता यायचं न्हाई. तुमीच मारा."

परवाना त्यांचा, पण मी ना म्हणालो नाही. कित्येक दिवस याचीच वाट बघत होतो. गोल काचेत एक हरणी उभी होती. फासळ्या मोजता येत होत्या. ओठातून कडवळाचं पान लोंबत होतं आणि ती ते घाईघाईनं आत ओढत होती. काचेवरची फुली मी तिच्या खांद्यावर ठेवली, डावा डोळा मिटला आणि चाप ओढला.

ती मागच्या पायांवर बसली. मग उठली आणि पोट ओढत डोंगराकडं निघाली. कळप तिच्या पुढं निघून गेला.

मामा उभे राहिले होते. दोन्ही डोळे उघडे. "पोटात लागली," ते म्हणाले. त्यांनी रायफल माझ्या हातातून घेतली, दुर्बिणीवरून एकदा अंगठा फिरवला आणि विचारलं,

"पडली व्हती का कुटं?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

मी बरोबर येतो म्हणालो. तुम्ही आलात तर कडवळ कोण राखणार, असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. "जखमी सोडायची न्हाई," एवढं बोलून ते रक्ताच्या थेंबांमागं चालू लागले. दुपारी राखणीच्या मचाणाखाली बसायला गेलो तर त्यांची पाण्याची बाटली खुंटीला तशीच होती. येतीलच आता, असं म्हणून मी त्यातलं घोटभर प्यालो.

सांजेपर्यंत ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा-सात जण डोंगरात शिरलो. कोरड्या ओढ्याच्या वळणावर आधी हरणी दिसली. कानामागं एकच गोळी. तिच्यापासून वीस पावलांवर मामा एका खडकाला टेकून बसले होते. खडकाची सावली दुसऱ्या बाजूला होती. तिथवर ते पोचले नव्हते. डोकं उघडं होतं. ऊन लागून गेले, हे सांगायला डॉक्टर लागला नाही.

रायफल मांडीवर, तिच्यावर दुर्बीण नव्हती. माशीवर नेम धरायचा म्हणून त्यांनी ती काढली होती. शेजारी पटक्याचं एक गाठोडं होतं, कापसाच्या बोंडासारखं घट्ट.

"येडा माणूस," चेअरमन डोक्यावरची टोपी काढत म्हणाले. "दुर्बिणीला पटका बांदला आन सोता उगड्या डोस्क्यानं हिंडला."

बैल पुढं बाजारात गेले. ते कुणी घेतले, मी विचारलं नाही.

दहाव्यानंतर मामींनी पटका मागितला. गाठोडं सोसायटीच्या कपाटात होतं, कुणी सोडलं नव्हतं. मी मामींच्या उंबऱ्यावर बसून ते उलगडू लागलो. वेढ्यावर वेढे. काचेला चरासुद्धा नव्हता. फक्त एका जागी, जिथं मांजरसुंब्याच्या दगडाचा पोचा होता तिथं, कापडाची घडी करून आत वेगळी दाबली होती. एखाद्याच्या जखमेवर ठेवतात तशी.

मामी पटक्याची घडी घालत होत्या. "काच धड हाय ना बाबा?" त्यांनी विचारलं. "त्येंना लई घोर व्हता तिचा."

"धड आहे," मी म्हणालो, आणि पोच्यावर अंगठा ठेवून दुर्बीण तशीच धरून बसलो.