चौथ्या मजल्यावरची खुर्ची

आमच्या सरकारी इमारतीची लिफ्ट घरं ताब्यात मिळाली त्याच वर्षी बंद पडली. चौथ्या मजल्याच्या वळणावर तेव्हापासून एक प्लास्टिकची खुर्ची आहे. सहाव्या मजल्यावरच्या कमलमावशींनी ती ठेवली. त्यांचे यजमान तिथेच छाती धरून खाली बसले होते, ते परत उठले नाहीत. आता म्हातारी माणसं, पोटुशी बाई, जो तो घटकाभर त्या खुर्चीवर टेकतो आणि मागच्यासाठी रिकामी करतो.

काल रहिवासी सोयींबद्दल समाधानी आहेत का, ते विचारायला एक साहेब आले. तेही धापा टाकत त्याच खुर्चीवर बसले. मावशी दोन मजले उतरून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"काही तक्रार?" साहेबांनी विचारलं.

"चालतंय, साहेब," मावशी म्हणाल्या. दमून आलेल्या माणसापुढे गाऱ्हाणं काय मांडायचं, ही आमची रीत. त्या रीतीचाच मला संताप आला. आमचं सोसणं हे लोक समाधान म्हणून लिहून नेतात.

मी वाकून साहेबांच्या हातातला कागद पाहिला. लिफ्टपुढे 'आहे' लिहिलं होतं. खाली होतं, 'जिन्यात बसण्याची सोय उत्तम.'

"उठा, साहेब," मी म्हटलं. "ही खुर्ची आमची आहे."