गाळलेलं कडवं

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर कागद लागला. मराठी भाषा दिनानिमित्त काव्यवाचन. स्वरचित अथवा आवडती कविता. वेळ तीन मिनिटे. गायन नाही. ‘गायन नाही’च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मी सेक्रेटरींना कारण विचारलं, तर म्हणाले, “वाचणारा कागद संपला की थांबतो. गाणाऱ्याला थांबवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो दर वर्षी मीच असतो.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कविता म्हणजे काय, हे दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगते आणि त्याचा पगार घेते. कोथरूडच्या या सोसायटीत आम्ही सहा वर्षं राहतो आहोत, आणि या सहा वर्षांत आमचं ‘मूळ’ कुणाला कळलेलं नाही. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, ‘कर’वर संपणारं, कुठल्याही घरात खपून जाणारं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. पण ती हल्ली सगळ्यांकडेच असते, शोभेला. मी लपवत होते का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि वर चिडलेही असते.

आई गेल्यावर वडील आमच्याकडे राहायला आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा महापालिकेत वॉलमन होते. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून मोठी चावी फिरवायची आणि ठरलेल्या भागाला ठरलेल्या वेळी पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नोकरी सांभाळून ते आमच्या नदीपलीकडच्या वस्तीतल्या गायनपार्टीसाठी जयंतीची गाणी रचायचे. पुठ्ठ्याच्या दोन वह्या भरल्या होत्या. फलकावरचा कागद त्यांनी माझ्याआधी वाचला आणि फॉर्म भरूनसुद्धा आणला. ‘प्रकार’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: गाणं. ‘कवी’ हा रकाना मोकळा होता.

“इथं तुमचं नाव नाही लिहिलंत.”

“गाण्यात हाय की नाव.”

मी पेन घेतलं, ‘गाणं’ खोडलं आणि वर ‘कविता’ लिहिलं. मोकळा रकाना मोकळाच ठेवला.

त्यांनी निवडलं होतं पाण्याचं गाणं. ते मला पाळण्यापासून पाठ आहे.

*आभाळानं दिलं पाणी, मोजून नाही दिलं,*
*ओंजळ कुणाची आहे ते पुसून नाही दिलं.*

पुढे विहीर येते, नदी येते, धरण येतं. तीन कडवी अशी की कुणीही ऐकावीत आणि मान डोलवावी. चौथं कडवं मात्र तसं नाही. त्यात तळ्यावरून हाकलून दिलेला आज्जा येतो, ‘चावी माझ्या हाती आली, पाणी सोडतो मी’ असं म्हणणारा नातू येतो, आणि त्यानंतर आप्पांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि वस्तीचं नाव. गायनपार्टीत तशी रीतच आहे. गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. दुसऱ्या वस्तीतल्या पार्टीनं ते गाणं उचललं, तरी नावाचं कडवं गायलंच पाहिजे. एका पार्टीनं एकदा ते गाळलं, तेव्हा आप्पांनी स्टेजवर चढून पेटीच्या भात्यावर हात ठेवला होता. आई ही गोष्ट अर्धी अभिमानानं आणि अर्धी वैतागून सांगायची.

मी मोबाइलवर वेळ लावून सराव घेतला. आप्पा मांडीवर ठेका धरून गायला लागले.

“आप्पा, वाचायचं आहे. म्हणायचं नाही.”

त्यांनी वाचून पाहिलं, दुसरीतल्या मुलासारखं, अडखळत. दुसऱ्यांदा बरं जमलं. चौथं कडवं सुरू झालं आणि सेक्रेटरी, पाचव्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई, गेल्या एप्रिलमध्ये लिफ्टमध्ये ‘यांची जयंती म्हणजे आपल्या कानांची शिक्षा’ असं हसत म्हणालेले गृहस्थ, सगळे खुर्च्यांवर बसलेले मला दिसले. त्या दिवशी लिफ्टमध्ये मीही हसले होते.

“शेवटचं कडवं नको,” मी म्हणाले. “तीन मिनिटांत बसत नाही.”

मोबाइलवर दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. आप्पांना आकडे नीट दिसतात.

“आणि कवितेत कवीचं नाव घालत नाहीत, आप्पा. ती वेगळी असते. पहिल्या तीन कडव्यांत तुमची कविता पुरी होते. चौथं आलं की तिचं गाणं होतं.” हे मी अगदी वर्गातल्या आवाजात सांगितलं. अर्थ, आशय, सूचकता असे शब्दसुद्धा वापरले. माझं शिक्षण कशासाठी झालं असेल तर ते या पाच मिनिटांसाठी, असं आता वाटतं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मग ते कुणाचं म्हणायचं?”

“तुम्हीच वाचताय ना. कळेल लोकांना.”

“बरं,” ते म्हणाले. “तू शिकलेली हाईस.”

कार्यक्रम क्लबहाउसमध्ये होता. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी दुसऱ्या रांगेत बसले. आधी एका बाईंनी पावसावर वाचलं, एका काकांनी निवृत्तीवर. मी त्यातलं काही ऐकलं नाही. आप्पांच्या मांडीवरची वही सारखी उघडत होती, मिटत होती. मग सेक्रेटरींनी कागद डोळ्यांजवळ धरला. “बी सातशे दोन. कविता. कवीचं नाव दिलेलं नाही, म्हणजे कवीला अजून पुरस्कार मिळालेला दिसत नाही.” लोक हसले. आप्पा उठले.

पहिलं कडवं त्यांनी नीट वाचलं. दुसऱ्याला त्यांचा डावा हात मांडीवर पडला, एकदा, दोनदा, आणि आवाज चढायला लागला. सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले. मी मान हलवून नाही म्हणाले, आणि आप्पांनी ते पाहिलं. हात खिशात घातला. तिसरं कडवं त्यांनी हात खिशात ठेवूनच वाचलं. हॉल शांत झाला होता, खरोखरची शांतता, माझ्या वर्गात मला कधीच मिळत नाही अशी.

तिसरं संपलं. त्यांनी पान उलटलं. चौथं कडवं त्या पानावर आहे, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते पानाकडे बघत राहिले. मी मनात एकच म्हणत होते, नको, आप्पा, नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“एवढंच हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

टाळ्या जोरात झाल्या. आधीच्या कुणालाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. सेक्रेटरी म्हणाले, “उत्तम. उद्या आपल्या टँकरवाल्याला ऐकवू. त्यालाही मोजून न देण्याची कल्पना नवीन असेल.” पुन्हा हशा. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला.

परतताना लिफ्टमध्ये आम्ही दोघं होतो आणि पाचव्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. भल्या बाई आहेत. त्यांचे डोळे अजून ओलसर होते.

“अहो, काय सुंदर कविता वाचलीत,” त्या आप्पांना म्हणाल्या. “इतकी वर्षं शिकवलं मी, पण ही कधी वाचनात आली नाही. कोणाची आहे?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाले, “म्हाईत न्हाई. जुनी हाय.”

“लोकांत फिरत राहिलेली असणार. बघा ना, एवढं चांगलं लिहिलं आणि नावसुद्धा मागे राहिलं नाही बिचाऱ्याचं.”

“हां,” आप्पा म्हणाले. “ऱ्हायलं न्हाई.”

पाचवा मजला आला. बाई बाहेर पडल्या, वळल्या आणि त्यांनी आप्पांना हात जोडून नमस्कार केला. आमच्या लिफ्टचं दार मिटायला वेळ लावतं. तेवढ्यात चार शब्द सहज बोलता आले असते: यांचीच आहे, बाई. माझ्या वडिलांची. मी बटण दाबून दार मिटवलं.