कोडचा शेवटचा आकडा

ओट्यावर मी नि बायको वालाच्या शेंगा सोलत होतो. किडका दाणा निघाला की ती मुद्दाम माझ्या मांडीवर टाकायची नि हसायची. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम.

कुंपणापलीकडून बंगल्यातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "काय गं, पिशवीचा कॅन्सर निघाला ना तुला? आता लग्नाघरी रांधायला जाऊ नकोस हो. लोकांना किळस येते."

आम्हालाच ठाऊक नव्हतं. संस्थेनं शाळेत भरवलेल्या शिबिरातल्या तपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर आलेला, सोबत उघडायचा कोड. संध्याकाळी भाची येऊन उघडणार होती.

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. आळीतलं एक लग्न तिच्या रांधपाशिवाय झालं नव्हतं. त्यानंतर कोणी बोलावलं नाही. ती ओट्यावर बसेना. चर्चात मिस्सालाही येईना. काही महिन्यांत तशीच देवाघरी गेली.

बाईंना कळलं कसं, ते भाचीनं दाखवलं. आमच्या आळीची रीत, रांगेत घरामागे घर उभं राहायचं. सणाच्या मिरवणुकीत तसं, शिबिरातही तसंच. कोडही तसेच निघालेले, एकापुढे एक. बाईंनी आपल्या कोडचा शेवटचा आकडा एकानं वाढवला नि माझ्या बायकोच्या पोटात डोकावल्या.

तिच्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, "कोड नीट काढता येत नाही?"

"येतो ना काका. सर्व्हर दर वेळी अक्षरं-आकड्यांची अशी खिचडी करून देतो, कोणाच्या बापाला ताडता येणार नाही. एका ओळीचं काम."

"मग?"

"अहो, वाडीतल्या म्हाताऱ्यांचे रिपोर्ट चोरून बघणार कोण? तुमची काय बँक आहे?"

शेजारी बसलेले ट्रस्टी हसले. पोट हलवून हसले.

बायकोला मी शेवटपर्यंत न्हाऊ घातलं. रक्त, पू, सगळं धुतलं. कधी किळस आली नाही. त्या हसण्याची आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलात परत शिबिर. आळी उभी, घरामागे घर. मी बाक ओढला, दारात आडवा टाकला, वर बसलो.

ट्रस्टी म्हणाले, "बाजूला व्हा. अडाण्यासारखं करू नका."

"अडाणीच आहे. आधी कॉम्प्युटरातली ती ओळ बदला. मग आमच्या बायांना हात लावा."

मागून मास्तरीणबाई ओरडल्या, "ऊठ रे, ऊन लागतंय!"

मी उठलो नाही.