प्रज्ञाच्या व्हिसावरचा एक शब्द

"मॅडम, ही पोरगी तिकडं जाऊन करणार काय हाय?" हमीदभाईंनी विचारलं.

"इंग्रजी शिकवणार आहे. शाळेत."

"न्हाय." त्यांनी फॅक्सच्या कागदावर बोट टेकवलं. "ह्या ओळीत 'खादिमा' लिवलंय. म्हंजी मोलकरीण. घरकामाची बाई."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. त्यांनी आखातात अकरा वर्षं ट्रेलर चालवला होता. पासपोर्ट रिन्यू करायला माझ्याकडे आले होते. टेबलावर अरबी कागद दिसला म्हणून सहज उचलून बघितला. तो सोमवार होता. प्रज्ञाचं विमान शुक्रवारचं होतं.

तेव्हा माझी बारामतीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि बाजूच्या खोलीत पासपोर्टचं काम चाले. नव्वदीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. फॉर्म इंग्रजीत असायचे आणि लोक त्यांना घाबरायचे. कन्हेरीपासून इंदापूरपर्यंतची माणसं 'कोकरे मॅडम कुठं बसतात' असं विचारत यायची. पुढे परदेशी नोकरीची कागदपत्रंही माझ्याकडे यायला लागली. मला सगळं कळतं असा लोकांचा समज होता. तो खरा नाही हे सांगायचं मीही टाळत होते.

प्रज्ञा अंथुर्ण्याची. एम.ए. बी.एड., विषय इंग्रजी. इंदापूर तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत पाच वर्षं शिकवत होती. कायम होण्याची चिन्हं नव्हती. तिनं पेपरात जाहिरात पाहिली : आखातात लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी पदवीधर शिक्षिका पाहिजेत. व्हिसा, तिकीट, राहणं, सगळं फुकट. देशाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. दोष त्या देशाचा नव्हता, मुंबईतल्या एजंटचा होता. आणि थोडा माझा.

थोडा कसा, ते सांगते. परदेशात शिक्षक म्हणून जायचं तर पदवीचं अटेस्टेशन लागतं. म्हणजे पदवी खरी आहे असा आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. चार-सहा महिने सहज जातात. मी एजंटला फोन करून विचारलं होतं, अटेस्टेशन कधी करायचं? तो म्हणाला, "त्याची गरजच नाही मॅडम. आमची शाळेशी डायरेक्ट ओळख आहे." मला बरं वाटलं. पोरीचे हेलपाटे वाचले म्हणून मी तिला पेढेसुद्धा आणायला लावले.

त्याच वेळी मला विचारायला हवं होतं की पदवी न बघता शिक्षिकेचा व्हिसा देतं कोण? नाही विचारलं.

महिन्याभरात व्हिसाची फॅक्स कॉपी आली. प्रज्ञाचं नाव आणि पासपोर्ट नंबर इंग्रजीत, बाकी सगळं अरबीत. नाव बरोबर, नंबर बरोबर. मी फाइलला लावून टाकली.

हमीदभाई गेले. म्हटलं, एका माणसाच्या वाचनावर जायला नको. कागद घेऊन मशिदीतल्या मौलवींकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला.

"व्यवसायाच्या रकान्यात खादिमाच आहे," ते म्हणाले. "आणि बोलावणारी शाळा नाही. हे एका माणसाचं नाव आहे, आणि पत्ता घराचा."

"शाळेचा उल्लेख कुठेच नाही?"

"कुठेच नाही, बेटी."

मी त्यांच्याकडून तो शब्द एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतला. परत येऊन एजंटला फोन लावला.

"ते फक्त कागदावर असतं हो," तो हसून म्हणाला. "तिकडे गेल्यावर चेंज करतात."

"कोण करतं?"

"स्पॉन्सर."

स्पॉन्सर म्हणजे बोलावणारा मालक. व्हिसा त्याच्या नावावर असतो. त्याच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता येत नाही, घरीही येता येत नाही. मी म्हटलं, "मग चेंज करणार असं लेखी द्या." फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. प्रज्ञाचा पासपोर्ट तर तिकिटासाठी म्हणून पंधरा दिवसांपासून त्याच्याच ऑफिसात होता.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं अंथुर्ण्याला गेले. उतरले तर बुद्धविहाराबाहेर चपलांचा ढीग. आत प्रज्ञाचा सत्कार चालू होता. आमच्या वस्तीतली पहिली मुलगी परदेशी चालली, असं कुणीतरी माइकवर बोलत होतं. पांढऱ्या साडीत ती पुढे बसली होती. मला बघून तिचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, लगबगीनं आले.

"या मॅडम, या. तुमचाबी सत्कार करायचा हाय. तुमच्यामुळंच झालं समदं."

सत्कार संपेपर्यंत मी मागे उभी राहिले. शाल मात्र घेतली नाही.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरात तिला, तात्यांना आणि तिच्या आईला बसवलं आणि सांगितलं. सगळं, अटेस्टेशनसकट. बाहेर पोरं हार ओढत खेळत होती. मग प्रज्ञानं विचारलं, "तुम्ही कागद तपासला होता ना मॅडम?"

"नाव आणि नंबर तपासला होता. बाकीचं मला वाचता येत नव्हतं."

"मग तसं का नाही म्हणालात?"

मी पिशवीतून मौलवींची चिठ्ठी काढली.

तात्या म्हणाले, "आता गावाला काय त्वांड दावायचं? सत्कार झाला की."

तेव्हा तिची आई बोलली. त्या माउलीनं इंदापुरात बारा वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी केली होती. "घरकामाची लाज न्हाय मला. म्याबी केलं. पर सांजच्याला माझ्या घरी येत हुते. आपला कागद दुसऱ्याच्या कपाटात ठिवून न्हाय केलं. गावाचं मी बघते. तुमी आदी तिचा पासपोर्ट आना."

मी प्रज्ञाला मौलवींची चिठ्ठी दिली. वही काढून तिनं तो शब्द गिरवायला घेतला.

बुधवारी आम्ही तिघं मुंबईला गेलो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकावर फायली घेऊन चार बायका बसल्या होत्या. प्रज्ञाला आणि तात्यांना तिथंच थांबवून मी आत गेले. एमिग्रंट्सच्या प्रोटेक्टरच्या नावे टाइप केलेला तक्रार अर्ज सोबत नेला होता. प्रोटेक्टर म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचे करार तपासणारा सरकारी अधिकारी.

एजंट चाळिशीचा, गोड बोलणारा. अर्ज वाचून त्यानं तो माझ्याकडे परत सरकवला.

"प्रोटेक्टरचा इथे संबंधच येत नाही मॅडम. तुम्ही तर या लाइनमधल्या. पोरीच्या पासपोर्टवर कुठला शिक्का आहे?"

मी अर्जाची घडी घातली.

तेव्हा कमी शिकलेल्या माणसाला नोकरीसाठी आखातात जाण्याआधी प्रोटेक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागे. पदवीधराला ती माफ होती. त्याच्या पासपोर्टवर 'तपासणीची गरज नाही' असा शिक्का मारत. शिकलेला माणूस आपला करार आपण वाचेल, असं सरकारनं धरलेलं. प्रज्ञाच्या पासपोर्टवर तो शिक्का मीच मोठ्या हौसेनं मारून आणला होता.

आता मला कळलं, जाहिरातीत पदवीधर शिक्षिकाच का मागितल्या होत्या. अडाणी बाईला मोलकरीण म्हणून पाठवायचं तर सरकार मध्ये येऊन दहा प्रश्न विचारणार. शिकलेल्या मुलीला विमानतळावर कुणी अडवत नाही. त्या पोरीची एम.ए.ची पदवी त्याला हवी होती, पण शिकवण्यासाठी नाही. कुणी विचारू नये म्हणून.

"पासपोर्ट शुक्रवारी एअरपोर्टवर मिळेल," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. प्रज्ञा बोलत होती, वर्गात बोलावं तशी स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी.

"तुमच्या सगळ्यांच्या फाइलमध्ये अरबी कागद आहे. तो काढा. आता या चिठ्ठीवरचा शब्द बघा. हाच शब्द तुमच्या कागदावर आहे का, शोधा. सापडला तर बोट ठेवा. मग मी अर्थ सांगते."

मी दारात गेले. चार बायका कागदावर वाकल्या होत्या. एकेक बोट थांबत गेलं. चारही थांबली.

"याचा अर्थ मोलकरीण," प्रज्ञा म्हणाली.

त्यानंतर जो गलका झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. शेजारच्या ऑफिसातली माणसं बाहेर आली. एका बाईबरोबर तिचा भाऊ होता, त्यानं एजंटची कॉलर धरली. तात्यांनी भांडणात न पडता सरळ दारात पाय रोवले आणि म्हणाले, "कागद दिल्याबिगर हितनं कोन हालनार न्हाय." एजंटनं खण उघडला. आत पासपोर्टांची चळतच होती. प्रज्ञाचा त्यानं टेबलावर फेकला. मी फोटो बघितला, नंबर बघितला, एकेक पान उलटून बघितलं.

तिघींनी पासपोर्ट परत घेतले. चौथी जागची उठली नाही. नर्सिंग केलेली, नवरा वारलेला. प्रज्ञा तिच्याजवळ गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला आधीच माहीत होतं ताई. मी वाचून घेतला होता कागद. तरी जायचंय."

ती बाई त्या शुक्रवारी गेली असणार. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त हादरवलं ते तिच्या त्या एका वाक्यानं.

अर्ज मी तरीही दिला. पोलिसांतही दिला. दोन महिन्यांनी त्या दारावर दुसऱ्याच धंद्याची पाटी दिसली. एजंट सापडला नाही.

प्रज्ञानं त्याच वर्षी पदवी अटेस्टेशनला टाकली. राज्याच्या आणि दिल्लीच्या शिक्क्यांनाच आठ महिने लागले. त्यानंतर मालदीवमधल्या एका शाळेनं रीतसर मुलाखत घेऊन तिला बोलावलं. वर्क परमिटचा कागद आला तेव्हा तो तिनं स्वतः वाचला, मग तात्यांना मराठीत वाचून दाखवला, मग मला. व्यवसाय : शिक्षिका, इंग्रजी. या वेळी सत्कार तिनंच करू दिला नाही. पोचल्याचं पत्र आल्यावर करा म्हणाली. तिनं तिथे चार वर्षं शिकवलं.

मी पुढे चौदा वर्षं हे काम केलं. जो कागद मला वाचता येत नाही, तो मला वाचता येत नाही असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला शिकले. काही लोक उठून दुसरीकडे गेले. जाऊ दिले.