विरुपाक्षानं नापास केलेली गाडी

होटगीचा विरुपाक्ष माझ्या गॅरेजमध्ये आला की मी मनातल्या मनात हात जोडायचो. माणूस देवासारखा, पण प्रश्न विचारायची खोड भारी. घरात कन्नड बोलायचे, त्यामुळे 'का' न म्हणता तो 'याक' म्हणायचा. पिस्टन खाली गेला, याक? तेल काळं झालं, याक? हातातला पाना मी कितीदा आपटला असेल, पण तो आपला समोरच्या उलट्या डब्यावर बसून उत्तराची वाट बघत राहायचा. सोलापुरात माझ्याइतकं डिझेल इंजिन कळणारे तीन-चारच मिस्त्री होते, असं तेव्हा मला वाटायचं. विरुपाक्षाला मात्र तसं वाटत असावं असं कधी दिसलं नाही.

त्याचा धंदा दुधाचा. होटगी आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचं, पहाटेच्या पॅसेंजरमध्ये कॅन चढवायचे आणि सोलापूरच्या डेअरीत पोचवायचे. कॅन चढवायचं काम त्याच्या गड्याचं, भीमाचं. अकरा वर्षं त्यानं ते खांद्यावरून वाहिले. शहात्तरच्या उन्हाळ्याआधी रेल्वेनं त्या पॅसेंजरची वेळ बदलली आणि दूध डेअरीत दीड तास उशिरा पोचायला लागलं. आमच्याकडचं चैत्राचं ऊन म्हणजे दीड तास खूप झाला. एका आठवड्यात दोनदा सगळं दूध फाटलं. नऊ वस्त्यांवरच्या तीस-बत्तीस बायकांची घरं त्या दुधावर चालायची. चंद्रव्वा नावाच्या म्हातारीची तर एकच म्हैस. तिसऱ्यांदा दूध फाटलं तर या बायका दुसरीकडे जाणार आणि त्यांनी जावंच, असं विरुपाक्ष स्वतःच म्हणाला. त्याला गाडी हवी होती, आणि रोज न चुकता पोचणारी हवी होती.

दोन गाड्या नजरेत होत्या. एक साधा जुना डिझेल टेम्पो. रंग गेलेला, चाल म्हशीची, पण इंजिन मी स्वतः दोनदा उघडून बांधलेलं. दुसरी रुद्रप्पाची. हा रुद्रप्पा लिलावातला माल घेऊन गाड्या जोडायचा. लष्कराची जुनी उघड्या हौद्याची गाडी त्यानं घेतली होती आणि तिच्यात धरणाच्या कामावरच्या कॉम्प्रेसरचं परदेशी इंजिन बसवलं होतं. त्या इंजिनाला टर्बो होता. पाय दाबला की बारीक शिट्टी वाजायची आणि भरली गाडी चढावर अशी सुटायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मी तर पहिल्याच फेरीत भाळलो. "डोळे झाकून घे," म्हणालो.

"शिट्टी याक वाजती?" विरुपाक्षानं विचारलं.

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. टर्बो मी तोवर फक्त ऐकला होता. पण ते कबूल कोण करणार? "ताकदीची खूण हाय ती," असं काहीतरी मी ठोकून दिलं.

विरुपाक्ष मान हलवून गेला आणि त्यानं होटगी जंक्शन गाठलं. तिथं सिग्नलला थांबलेल्या डिझेल इंजिनाच्या ड्रायव्हरला गाठून त्यानं तोच प्रश्न विचारला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन मलाच शिकवायला लागला. "मिस्त्री, बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो. त्यो दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आन् दुसरा हवा आत कोंबतो. रेल्वेच्या इंजिनाला बी हाय की! वाया जाणाऱ्या धुराकडनं काम करून घ्यायचं. काय डोकं हाय बग!" त्याचे डोळे चमकत होते. मला राग आला होता, पण ऐकताना मजाही वाटत होती.

मग त्यानं चाचणी ठरवली. कॅनमध्ये दुधाऐवजी पाणी भरायचं आणि रोजच्या रस्त्यावर, रोजच्या नऊ ठिकाणी थांबायचं. रुद्रप्पानं गाडी स्वतः चालवली. मी आणि विरुपाक्ष शेजारी, भीमा मागं कॅनपाशी. गाडी झकास चालली. पण चौथ्या थांब्याला विरुपाक्ष म्हणाला, "रुद्रप्पाण्णा, तुमी एकदा बी इंजिन बंद केलं न्हाय. याक?"

"कशाला बंद करायचं? निघायचंच हाय की लगीच."

"डिझेल जळतंय की फुकट."

रुद्रप्पा आधी चिडला, मग नरमला. "पळून आल्यावर हिला दोन-तीन मिनिटं हळू चालू ठिवावी लागती. येकदम बंद केली तर पंखा बिघडतो."

"हे आधी सांगितलं न्हाय ते?"

"तुमी इचारलं न्हाय."

विरुपाक्ष पुन्हा जंक्शनला गेला. रेल्वेच्या ड्रायव्हरनं सगळं नीट सांगितलं. तो पंखा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. इंजिन एकदम बंद केलं की तेल यायचं थांबतं, पंखा तापलेलाच असतो आणि अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. असं रोज झालं तर पंखा एक दिवस जाणारच. कधी जाईल ते सांगता येत नाही.

"म्हणजे इंजिनात खोट न्हाय," विरुपाक्ष मला म्हणाला. "हाताळणाऱ्यावर हाय सगळं."

गाडी चालवणार होता भीमा. दुधाच्या कामाला लागायच्या आधी तो श्रीपूरला साखर कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायला शिकला होता आणि तिथल्या मालकानं त्याला एकच मंत्र दिला होता: थांबलास की इंजिन बंद. भीमाला त्याचा अभिमान होता. चाक थांबायच्या आधी त्याचा हात इंजिन बंद करायच्या दांडीवर जायचा.

विरुपाक्षानं रुद्रप्पाकडून गाडी आणखी एका सकाळपुरती मागून घेतली. भीमाला बसवलं, पंख्याचं सगळं समजावलं. भीमानं मान डोलावली. "समजलं आण्णा. धा मिनिटं ठिवतो की चालू!" त्या शिट्टीवर तो इतका खूश होता की त्यानं काहीही कबूल केलं असतं.

पहिल्या थांब्याला हात गेला आणि इंजिन बंद. "चुकलं आण्णा." दुसऱ्याला आठवलं. तिसऱ्याला पुन्हा बंद. नवव्या थांब्यापर्यंत पाच वेळा हात गेला. शेवटी बिचारा स्वतःच्या हाताकडे असा बघत होता की मला हसू आवरेना.

परत आल्यावर मी विरुपाक्षाला बाजूला घेतलं. "चार महिन्यांत सवय जाईल त्याची."

"आन् त्या चार महिन्यांत पंखा गेला तर? दूध कुणाचं फाटंल?"

"मग दुसरा ड्रायव्हर ठेव! एवढी गाडी सोडतो का कुणी?" माझा आवाज चढला.

"चंद्रव्वाची म्हैस सगळ्यांच्या मागनं पान्हा सोडती. भीमा तिच्या दारात थांबतो. मी कवा सांगितलं न्हाय त्याला. दुसरा थांबंल का?"

भीमा फडक्यानं त्या गाडीची काच पुसत होता. विरुपाक्ष त्याच्याजवळ गेला आणि सरळ म्हणाला, "भीमा, टेम्पो घेऊ या. हिच्या इंजिनाचा मला भरवसा वाटत न्हाय."

भीमाचं तोंड उतरलं. "आण्णा, असलं इंजिन! माझ्या हातानं चुकतंय म्हणून तर न्हाय न्हवं?"

"छे, छे. इंजिनच बाद हाय. मिस्त्रीनंच तपासलं. इचार की त्याला."

खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली. चांगल्या इंजिनाला वाईट म्हणायचं म्हणजे आमच्या धंद्यात पापच. पण भीमा माझ्याकडे आशेनं बघत होता. मी म्हणालो, "बाद हाय."

तो टेम्पो भीमानं पुढं कितीतरी वर्षं चालवला. दर थांब्याला इंजिन बंद करून, उतारावर नुसतंच घरंगळत तो डेअरी उघडायच्या आधी फाटकासमोर हजर असायचा. उन्हाळ्यात दूध फाटल्याचं पुन्हा ऐकलं नाही. टेम्पो कामाला आणला की तो माझ्या गॅरेजमधल्या पोरांना ती गोष्ट रंगवून सांगायचा. "काय शिट्टी वाजायची म्हणून सांगू! पण आमच्या आण्णाला इंजिनातलं काय बी कळत न्हाय. हातची सोन्यासारखी गाडी घालवली बगा."

विरुपाक्ष त्याच उलट्या डब्यावर बसलेला असायचा. मी चिडून तोंड उघडायचो, पण तो माझ्याकडे बघायचाही नाही.

"व्हय बाबा," तो भीमाला म्हणायचा. "मला कुटं कळतंय त्यातलं."