वाळूत तापवलेला दिवा

आमच्या किनाऱ्यावरच्या वायरलेस कार्यशाळेत एक जुनी पेटी होती. तिच्यात बोटाच्या पेराहून लहान असा काचेचा दिवा होता आणि त्या दिव्यात रुबिडियम नावाच्या धातूचा कण. दिवा जांभळा पेटला की पेटी सेकंदाला बरोबर एक कोटी ठोके देई. बोटींवरचे वायरलेस संच आम्ही तिच्याशी ताडून पाहत असू. अकरा वर्षं तिची देखभाल मोठ्या मेकॅनिककाकांकडे होती. रोज सकाळी दहाला ते वहीत नोंद करत. कामाच्या दिवशी रकाना कधी रिकामा राहिला नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काका अडीच महिने रजेवर गेले. पावसात विजेचा दाब फार वरखाली होऊ लागला, म्हणून मी पेटी बंद करून ठेवली आणि साध्या मीटरवर भागवलं. काका परत आले तेव्हा दिवा पेटेना.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. "म्हातारी झाली रे ती," एवढंच म्हणाले. पण रोज दहाला वही उघडत आणि काही न लिहिता मिटत. त्यांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. चार्ज देण्याच्या यादीत त्या पेटीपुढे त्यांना स्वतःच्या हाताने 'निकामी' लिहावं लागणार होतं, आणि तेही माझ्यामुळे.

माहितीपुस्तकात उपाय सापडला. पेटी फार दिवस बंद राहून धातूचा थर दिव्याच्या तोंडाशी काचेवर पसरला असेल तर तोंड दोनशे अंशांच्या आसपास सावकाश तापवायचं आणि शेपूट, म्हणजे मागचं निमुळतं टोक, थंड ठेवायचं, म्हणजे धातू शेपटाकडे जमतो. ज्योत लावायची नाही. आमच्याकडे होती तारा जोडायला डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री. ती एकाच जागी तापवते, काच तडकली असती. थर्मामीटर होता तो एकशेदहापर्यंतचा.

संध्याकाळी घरी आलो तर बायको कढईतल्या वाळूत चणे भाजत होती.

"ही वाळू किती तापता गो?"

"माका काय म्हाइत? भाताचो दाणो टाकूचो. फुटलो तर लाह्यांची वाळू, नुसतो तांबडो झालो तर चण्यांची."

"आणि काच फुटाची नाय अशी?"

"काचेचे चणे कोण खाता तुमच्यात?"

दाणा फुटत नाही पण तांबडा होतो ती वाळू दोनशे अंशांच्या आसपास असणार, असा अंदाज बांधून मी काकांना सांगितलं.

रविवारी सकाळी काका तो दिवा काडेपेटीत, कापसात ठेवून, दोन्ही हातांत धरून आमच्या घरी घेऊन आले. बायकोने वाळू तापवली. पहिला दाणा चार सेकंदांत फुटला. तिने लाकूड मागे ओढलं. दुसऱ्याला अकरा लागले. तिसरा फुटला नाही, अर्ध्या मिनिटात तांबडा झाला.

"आता ठेवा," ती म्हणाली.

मी दिव्याचं तोंड वाळूत रोवलं. शेपूट वर राहिलं, त्याला काका विंझण्याने वारा घालू लागले. वारा जरा जोरातच बसत होता.

"काकांनू, सावकाश. ताप भरलेल्या पोराक घालतत तसो घाला," बायको म्हणाली.

बारा मिनिटं दिवा तसाच ठेवला. मग विस्तव काढला आणि दिवा वाळूतच निवू दिला. दीड तासाने उचलून पाहिला तर तोंडावरचा रुपेरी थर गेला होता आणि शेपटात एक ठिपका दिसत होता.

सोमवारी दिवा बसवून पेटी चालू केली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. सहाव्या मिनिटाला आतून जांभळा उजेड आला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बावीस मिनिटांनी पेटीवरच्या मीटरचा काटा स्थिर झाला. पुढचे आठ दिवस रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी ताडून पाहिलं. पेटी बरोबर होती.

चार्ज माझ्याकडेच येणार होता, म्हणून काकांनी यादी मला लिहायला दिली. पेटीपुढे मी 'चालू' लिहिलं आणि शेऱ्यात भर घातली: 'मी फार दिवस बंद ठेवल्याने निकामी झाली होती, दुरुस्त केली.'

काकांनी ते वाचलं. "ह्या कित्याक लिवलंस? चालू आसा मां?"

"खरा आसा म्हणान लिवलंय."

"खोड."

"नाय खोडूचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन घेऊन माझ्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बंद ठेवण्याचा निर्णय त्या वेळी योग्य होता', आणि सही केली.

"पण तुमी तेव्हा हंय नव्हतास," मी म्हटलं.

"तू होतंस मां," असं म्हणून त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली.